तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

अर्विड टोलेफसनने डेल्मार क्विस्टला दोनदाच विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

गुरुवारची दुपार होती. गेली एकवीस वर्षं दर गुरुवारी दोनच्या ठोक्याला हे दोघं डेल्मारच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळायला बसत. अर्विडचं गावात हार्डवेअरचं दुकान. आता ते त्याची मुलगी सांभाळते आणि अर्विड तिला सल्ले देऊन वैताग आणतो. डेल्मार शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तरुणपणी दोघंही आमच्या हेन्शॉ गावच्या बेसबॉल संघात चेंडू टाकायचे, म्हणजे पिचर होते. चांगले टाकायचे असं कुणी शपथेवर सांगणार नाही, पण टाकायचे एवढं खरं.

टेबलावर त्या आठवड्याचं वर्तमानपत्र पडलं होतं. त्यात 'बर्टिल अस्वल' या कार्टून मालिकेच्या चित्रकाराची, ऑस्टबीची, मुलाखत होती. बर्टिल कोण हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. घराघरात पोरं त्याच्या नकला करतात. तो डावखुरा पिचर आहे, पोट सुटलेला. मैदानावरची पांढरी रेघ तो कधी तुडवत नाही. डबकं ओलांडावं तसा दोन्ही पायांनी उडी मारून पलीकडे जातो. च्युइंगगम कानामागे चिकटवतो. चेंडू टाकण्याआधी त्याला तोंडाजवळ धरून दोन शब्द समजुतीचे सांगतो. आणि एवढं सगळं करूनही समोरच्याने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, की टोपी काढून जाणाऱ्या चेंडूला निरोप देतो.

मुलाखतीत ऑस्टबी म्हणाला होता, की हे अस्वल मी हवेतून काढलेलं नाही. लहानपणी सुट्टीत आजोबांकडे हेन्शॉला यायचो, तिथल्या मैदानावर एक पिचर पाहिला होता. अंगाने थोराड. नाव काही आठवत नाही, पण सवयी सगळ्या त्याच्याच.

"डेल्मार, हा तूच की लेका," अर्विड म्हणाला.

"छे छे, मी कसला. तूच असशील."

"अरे, चेंडूशी तू बोलायचास! मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं."

"तेव्हा सगळेच काही ना काही बडबडायचे. तू असशील, नाहीतर दुसरा कुणीतरी. पान टाक."

आता आमच्याकडची रीत अशी आहे. कुणी कॉफी पुढे केली, की पहिल्यांदा म्हणायचं, 'नको.' दुसऱ्यांदा म्हणायचं, 'खरंच नको, उगाच तुम्हाला त्रास.' तिसऱ्यांदा म्हणायचं, 'बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप.' आणि मग दोन कप प्यायची. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, दुधाच्या बाटलीबरोबरच येतं. शिकागोहून इथे सून म्हणून आलेल्या एका मुलीने सासऱ्याच्या अंत्यविधीनंतर माणसांना एकेकदाच विचारलं आणि किटली उचलून आत नेली. साठ माणसं घसा कोरडा ठेवून घरी गेली. या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली, अजून लोक तिच्याकडे जरा जपूनच बघतात.

तेव्हा डेल्मारच्या दोन नकारांचा अर्थ अर्विडला कळत नव्हता असं मुळीच नाही. तिसऱ्यांदा विचारायला त्याने तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात त्याची नजर पुन्हा त्या 'अंगाने थोराड'वर गेली. थोराड तर आपणही होतो, त्याच्या मनात आलं. कुणी सांगावं? आयुष्यभर खिळे-मोळे विकले. शेवटी शेवटी एखादं अस्वल आपल्या नावावर लागलं तर काय बिघडलं?

त्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि पान टाकलं.

शनिवारी गावच्या साप्ताहिकाची बातमीदार टेसा दुकानात आली. पोरगी हुशार, इथलीच वाढलेली. "अर्विड, तो बर्टिल म्हणजे तुम्हीच ना?"

"छे, मी कसला."

"सगळं गाव म्हणतंय. त्या संघातले दोनच पिचर आता इथे उरलेत, आणि डेल्मार तर काठीसारखा आहे."

"नाही गं, खरंच नाही," अर्विड म्हणाला. तेव्हा डेल्मारही चांगला बैलासारखा होता, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. जिभेवरच राहिलं.

टेसाने रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा विचारलं. "खरं सांगा बघू. तुम्हीच ना?"

अर्विडने गळ्यापाशी खाजवलं, एका डब्यातले स्क्रू दुसऱ्या डब्यात टाकले आणि म्हणाला, "आता तू एवढं म्हणतेच आहेस, तर... असेनही."

बुधवारच्या अंकात पहिल्या पानावर अर्विडचा फोटो आणि शेजारी अस्वल. दोघांच्या पोटांत खरोखरच साम्य होतं.

गुरुवारी दोनला अर्विड डेल्मारकडे गेला. डेल्मारने दार अर्धं उघडलं. "आज नको रे. गुडघा दुखतोय."

अर्विड घरी परतला. त्याची बायको व्हर्ना बागेत टोमॅटोला काठ्या बांधत होती.

"लवकर आलास?"

"डेल्मारचा गुडघा दुखतोय."

"गुडघ्याने पत्ते खेळता का तुम्ही?" व्हर्ना म्हणाली. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "जा आणि त्या टेसाला खरं काय ते सांग. मी त्या मैदानावर सहा उन्हाळे सॉसेज विकलेत. चेंडूशी कोण बोलायचं ते मला माहीत आहे."

टेसा जाऊ दे, पण डेल्मारला तोंड कसं दाखवायचं? उद्याच जाऊन खरं सांगायचं असं अर्विडने ठरवलं. पण उद्या उजाडायच्या आत कर्टिस येऊन थडकला. कर्टिस ब्रांट म्हणजे आमच्या संघाचा व्यवस्थापक. एरवी विमा विकतो, त्यामुळे नकार ऐकून खचणं त्याला ठाऊकच नाही.

"अर्विड, बाराशे बाहुल्यांची ऑर्डर दिलीय! मान डोलवणाऱ्या! अंगावर आपल्या संघाचा गणवेश, तोंड तुमचं, कान अस्वलाचे. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी 'अर्विड दिवस'. मैदानात येईल त्याला बाहुली, आणि पहिला चेंडू तुम्ही टाकायचा."

"कर्टिस, ऐक. तो मी नाही. तो डेल्मार आहे."

"वा!" कर्टिस म्हणाला.

"वा काय? खरंच सांगतोय. अस्वल डावखुरं आहे. मी उजव्या हाताने टाकायचो."

"टीव्हीत उलटं दिसत असेल."

"टीव्हीत उलटं कसं दिसेल? अरे बाबा, तो मी नाही!"

कर्टिसच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "तीनदा नाही म्हणालात! तिसऱ्यांदासुद्धा! असा नम्र माणूस मी माझ्या आजोबांनंतर पाहिला नाही." त्याने अर्विडचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. "फक्त एक करा. चेंडू डाव्या हाताने टाका. बाहुलीच्या डाव्या हातात चेंडू आहे, उगाच पोरांचा गोंधळ नको."

अर्विड मग टेसाकडे गेला. तिने सगळं मन लावून ऐकलं, वहीत टिपून घेतलं, आणि पुढच्या अंकात मथळा दिला: 'श्रेय मित्राचं, म्हणतो आपला बर्टिल.' हा अंक वाचून पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात नम्रतेचा विषय घेतला आणि तिसऱ्या बाकाकडे हात करून अर्विडला उभं राहायला सांगितलं. अर्विड उभा राहिला. न राहून करतो काय? चर्चमध्ये आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी कुणीतरी वाजवल्या. प्रवचनानंतर पाद्रीबाबांना गाठून त्याने सांगितलं, की बाबा, मी खोटं बोललोय. पाद्रीबाबा हसले, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "आपण सगळेच पापी आहोत, अर्विड." आणि बिस्किटांकडे वळले.

डेल्मार त्या रविवारी चर्चला आला नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी गुडघा दुखतच होता, आणि त्याच्या पुढच्याही. अर्विडला मात्र त्याची गाडी बेकरीसमोर दिसली, पोस्टासमोर दिसली, एकदा तर तळ्यावर होडी ओढताना तो स्वतः दिसला. गुडघा चांगला वाकत होता.

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच अर्विडला गुरुवारच्या दुपारचं काय करायचं ते कळेना. तो गॅरेजमध्ये जाऊन डाव्या हाताने चेंडू टाकायचा सराव करू लागला. पहिला चेंडू मागच्या मागे गेला. दुसऱ्याने शेजाऱ्यांचं पक्ष्यांसाठी टांगलेलं घरटं पाडलं. तिसरा गॅरेजमधल्या फ्रीजरच्या झाकणावर आदळला. त्यानंतर ते झाकण घट्ट लागेना आणि हरणाचं मांस वितळायला लागलं. मग व्हर्नाने तीन दिवस हरणाच्या मांसाचा रस्सा केला आणि तीनही दिवस तो अर्विडपुढे न बोलता ठेवला.

चौथ्या दिवशी ती बोलली. "तू त्याला कितीदा विचारलंस?"

अर्विडने रश्श्यात चमचा फिरवला.

"अर्विड. कितीदा?"

"दोनदा."

व्हर्नाने चमचा खाली ठेवला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यावर पुष्कळदा चिडली होती, पण असं तिने कधी बघितलं नव्हतं. "दोनदा," ती म्हणाली. "तू काय शिकागोहून आलास?"

जुलैचा दुसरा शनिवार उजाडला. ऊन कडक होतं. मैदानाच्या फाटकापासून धान्याच्या कोठारापर्यंत रांग लागली. आतमध्ये शाळेचा बँड, भाजलेल्या सॉसेजचा धूर, आणि जिकडेतिकडे डोलणारी अर्विडची मुंडकी. बाहुलीच्या कानामागे च्युइंगगमचा गुलाबी ठिपकासुद्धा होता. अर्विडने आयुष्यात कधी च्युइंगगम खाल्लं नव्हतं. त्याच्या दातांना सोसत नसे.

रांगेत, सगळ्यांसारखा, डेल्मार उभा होता. जुनी टोपी घालून, सूर्यफुलाच्या बिया सोलत. अर्विडने त्याला लांबून पाहिलं. फाटकावरच्या पोरीने डेल्मारच्या हातात बाहुली दिली. त्याने ती उलटीपालटी केली, कानामागचा ठिपका नखाने जरा खरवडून पाहिला आणि वरच्या बाकांवर जाऊन बसला.

कर्टिसने अर्विडचं नाव पुकारलं. नऊशे माणसं उभी राहिली. पांढरी रेघ आली तशी पोरं ओरडायला लागली, "उडी! उडी!" अर्विडने दोन्ही पाय जोडून उडी मारली. एकाहत्तराव्या वर्षी माणूस जेवढा उडेल तेवढाच उडाला आणि नेमका रेघेवर उतरला. मग चेंडू तोंडाजवळ धरला. चेंडूशी काय बोलायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. "माफ कर," एवढंच तो म्हणाला आणि डाव्या हाताने चेंडू सोडला.

चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरकडे गेलाच नाही. तो बँडकडे गेला आणि तिथल्या सगळ्यात मोठ्या पितळी वाद्याच्या तोंडात अलगद जाऊन बसला. वाजवणाऱ्या मुलीने फुंकर मारली, आवाज काही येईना. मैदान हसून हसून लोळलं. "अगदी बर्टिल!" लोक ओरडत होते. "हुबेहूब बर्टिल!"

तेवढ्यात धावफलकावरच्या पडद्यावर चित्रकार ऑस्टबी दिसू लागला. कर्टिसने त्याचा निरोप मागवून घेतला होता. केस पांढरे, बोलणं हळू.

"मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "त्याच वर्षी माझे वडील घर सोडून गेले होते. घरात सगळे हरल्यासारखे वावरायचे. आजोबा मला सामना बघायला घेऊन आले. शेवटच्या डावात त्या पिचरचा चेंडू मैदानाबाहेर गेला, सामना गेला. लोक शिव्या देत होते. आणि या माणसाने टोपी काढून चेंडूला निरोप दिला, हसून. असंही हरता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मला तुमचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही आज तिथे असाल तर तुमचे आभार. फार उशीर झाला, पण आभार."

पडदा विझला. बायका डोळे पुसत होत्या. अर्विडला तो सामना चांगला आठवत होता. त्या दिवशी तो स्वतः बाकावर बसला होता आणि शिव्या देणाऱ्यांत होता. "टोप्या कसल्या हलवतोस गाढवा!" असं तो डेल्मारला ओरडून म्हणाला होता. आता त्याला मैदानाच्या मधोमध उभं राहवेना.

त्याने कर्टिसच्या हातातला माइक घेतला. "डेल्मार," तो म्हणाला. आवाज भोंग्यांतून घुमला आणि सगळं गाव गप्प झालं. "डेल्मार क्विस्ट, मी तुला दोनदा विचारलं होतं. आता तिसऱ्यांदा विचारतोय. हा तूच ना?"

आमच्यातल्या प्रत्येकाला कळलं, काय चाललंय ते. तिसरी खेप म्हणजे तिसरी खेप. आता डेल्मार उठणार, 'बरं, एवढं म्हणतोस तर' म्हणणार, खाली येणार. शेजारच्यांनी त्याला वाट करून द्यायला गुडघेसुद्धा आखडून घेतले. व्हर्ना उभी राहिली होती.

डेल्मारने मांडीवरची बाहुली उचलली. तिची मान जरा डोलली.

"नको रे, अर्विड," तो म्हणाला. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "आता बाहुल्या झाल्यात."

पहिला नकार रीतीचा असतो, दुसराही रीतीचा असतो. तिसरा नकार खरा. त्यापुढे आमच्याकडे कुणी विचारत नाही, विचारायचं नसतं. अर्विडने माइक कर्टिसला परत दिला. लोक दोघांसाठीही भरभरून टाळ्या वाजवत होते, आणि साप्ताहिकाने पुढच्या बुधवारी छापलं: 'सन्मानाच्या दिवशीही मित्राला विसरला नाही.'

गुरुवारी सकाळी अर्विडकडे फोन वाजला.

"दोनला येतोयस ना?" डेल्मारचा आवाज.

"गुडघा?"

"बरा आहे."

व्हर्नाने लिंबाच्या वड्या करून दिल्या. त्या साखर भुरभुरलेल्या, खाली लोण्याचा खुसखुशीत थर असलेल्या वड्यांसाठी अर्विड चर्चचा कुठलाही कार्यक्रम चुकवत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. डेल्मारच्या खिडकीत ती बाहुली ठेवलेली होती. बाहेरून ट्रक गेला की तिची मान हलायची. दोघं खेळायला बसले. कॉफी झाली, वड्याही एकेक करून संपत आल्या.

"मला हवं होतं रे ते," अर्विड एकदम म्हणाला. "म्हणून नाही विचारलं."

"माहीत आहे." डेल्मार हातातली पानं लावत होता. "तू तोंड उघडलं होतंस, मी पाहिलं. मी वाट बघत होतो."

अर्विड खिडकीकडे बघू लागला, पण तिथे तर स्वतःचंच तोंड डोलत होतं.

ताटलीत आता एकच वडी उरली होती. डेल्मारने ताटली पुढे सरकवली.

"घे."

"नको, तू घे."

"घे रे, तुला आवडते."

"खरंच नको," अर्विड म्हणाला, आणि हात मांडीवर ठेवून तयारीत बसला.

डेल्मारने ताटली स्वतःकडे ओढली. वडी उचलली, दोन घासांत खाल्ली, बोटांची साखर पुसली.

"छान झालीय," तो म्हणाला. "पान टाक."